पंख्याच्या डावीकडचा जोड

बायको गेली तेव्हा घरी जो येई तो आधी माझ्याकडं बघायचा, मग खाटेकडं बघायचा, आणि मग कुठं बघावं ते न कळून वर बघायचा. वर बघितलं की म्हणायचा, "छत छान झालंय हो." मेलेल्या माणसाच्या घरात बोलायला काहीतरी लागतंच. कुणी म्हणालं, थंड वाटतं. कुणी विचारलं, कुणाकडून करून घेतलं, आमच्या हॉललाही करायचंय. मेव्हण्यानं तर मोबाइल वर धरून फोटो काढला. बहिणीला पोचवायला आला होता, छताचा फोटो घेऊन गावी गेला. चला, हात हलवत तरी गेला नाही.

तर ते छत कुणी केलं ते एकदाच लिहून टाकतो. म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको.

केलं आमच्या मेस्त्रीनं. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. त्याला काहीच आवडत नाही, हा भाग वेगळा. आता तो टोळी सोडून कुंभकोणमला मुलीकडं असतो. तुमच्यावर लिहू का म्हणून मुलीच्या फोनवर विचारलं तर म्हणाला, "लिही. खरें लिही. आमच्यांत मराठी वाचतां येतें कोणास?"

मी विट्याकडचा. आमच्या भागातली पोरं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली. गलाई म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करायचं. मामानं मला शाळेतून उचलून चेन्नईला आणलं, तेव्हा तिला मद्रास म्हणायचे. ॲसिडच्या धुरानं माझी छाती भरायला लागली. मामा म्हणाला, ह्याला सोनं सोसत नाही. मग सुतारांच्या हाताखाली राबलो, आणि तिथून फॉल्स सीलिंगच्या कामात आलो. सोन्याच्या धुरातून जिप्समच्या धुळीत. ह्यालाच लोक प्रगती म्हणत असतील.

मेस्त्री मला भेटला तो टी. नगरातल्या एका साडीच्या दुकानात. दुकान चालू, बायका साड्या ओढतायत, आणि आम्ही पडदा लावून त्यांच्या डोक्यावर छत बसवतोय. जिप्समचा बोर्ड माझ्या पायावर पडला आणि माझ्या तोंडून गावाकडची एक शिवी निघाली. वर लाकडी घोडीवर एक गोरा, काटकुळा माणूस इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात बसला होता. तो खाली वाकून म्हणाला, "कोण रे तूं? कोठला? शिवी देतोस ती तरी पुरी दे."

हे तंजावरचे मराठी. ह्यांचे पूर्वज तिथल्या राजांबरोबर आले आणि परत जायचं विसरले. बोलणं असं, की पोथी वाचतायत आणि मधेच पोथीतून उठून तमिळमध्ये भांडतायत. घरचे सगळे ऑडिटर, बँकेतले, शाळेतले. हा एकटा शिडीवर चढला. लग्नाकार्यात ह्याची ओळख करून द्यायची वेळ आली की थोरला भाऊ म्हणायचा, "इंटिरियर लाइनमध्ये आहे." आणि घाईनं पुढच्या पाहुण्याकडं वळायचा.

टोळीत विलुप्पुरमकडची तमिळ माणसं आणि बिहारची, ओडिशाची पोरं. मेस्त्री कामाचं बोलणार तमिळमध्ये, नाहीतर हिंदीत. त्याची हिंदी ऐकून बिहारची पोरं तमिळ शिकली. पण शिव्या मात्र फक्त मराठीत. एखाद्या पोरानं स्क्रू वाकडा मारला की हा हसून त्याच्या पाठीवर हात ठेवायचा आणि जुन्या मराठीत त्याच्या घराण्याची सविस्तर पूजा बांधायचा. पोरगं खूश. त्याला वाटायचं, म्हातारा आशीर्वाद देतोय. अख्ख्या साइटवर मराठी समजणारा मी एकटा, म्हणून सगळ्यांच्या वाटणीचं मीच ऐकायचं. मला त्यानं टोळीत ठेवून घेतलं ते माझं काम बघून, असं मी बायकोला सांगायचो. ती म्हणायची, "काम बघून नाही, कान बघून."

साइटवरचा चहा तो पीत नसे. घरून स्टीलच्या थर्मासमध्ये फिल्टर कॉफी. ती वाटीतून पेल्यात, पेल्यातून वाटीत अशी ओतत बसायचा, आणि त्या वेळात कुणी काही विचारलं तर उत्तर नाही. कॉन्ट्रॅक्टर आला तरी नाही. कॉन्ट्रॅक्टर समोर उभा राहून कॉफी संपायची वाट बघतोय, असं दृश्य मी बघितलंय.

त्याची खरी तऱ्हा काम संपल्यावर. सगळ्यांना खोलीतून बाहेर काढायचा. जमिनीवर तमिळ पेपर अंथरायचा, इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला लावायचा, खुंटी नसली तर माझ्या हातात द्यायचा, आणि उताणा पडायचा. हात पोटावर, डोळे वर. पाव तास, अर्धा तास. मग कुठंतरी बोट करायचा. तिथं जोड फुगलेला असायचा, नाहीतर पुट्टी बसलेली असायची. ते उचकटून पुन्हा करायचं.

मी एकदा म्हटलं, मेस्त्री, उभ्यानं बघितलं तर काय बिघडतं? म्हणाला, "उभा मनुष्य छत पाहात नाहीं. उभा मनुष्य दार पाहातो, घड्याळ पाहातो, दुसऱ्याची बायको पाहातो. छत पाहातो तो पडलेला." मी म्हटलं, अहो, हे ऑफिस आहे, इथं कोण पडणार? "पडेल कोणीतरी," म्हणाला. "ऑफिसांत दुसरें काय करतात?"

अंबत्तूरला एका आयटी कंपनीचा मीटिंग हॉल केला, तेव्हाची गोष्ट. मेस्त्री उघड्या अंगानं पेपरवर पडलेला. तेवढ्यात कंपनीचा साहेब पाहुण्यांना घेऊन आत आला. बरोबरची मुलगी किंचाळली. साहेबाला वाटलं, मजूर मेला. आता पोलीस, पेपरवाले, नुकसानभरपाई. सगळं त्याच्या तोंडावर दिसायला लागलं. वॉचमन ॲम्ब्युलन्सला फोन लावतोय, आणि मेस्त्री हललासुद्धा नाही. पडल्या पडल्या तमिळमध्ये म्हणाला, जरा उजेडातून बाजूला व्हा. दुसऱ्या दिवशी त्या हॉलमध्ये पाटी लागली, कामाच्या जागी झोपू नये. मेस्त्रीनं ती बघितली आणि साहेबाला जाऊन सांगितलं, पाटी वाकडी लागली आहे.

चूक त्याची कधी नसायची. हे लक्षात ठेवा. स्लॅबची असेल, बोर्डाच्या कंपनीची असेल, समुद्राच्या हवेची असेल. एन्नोरच्या वीजघराची राख वीस-पंचवीस किलोमीटर उडत येऊन आमच्या पुट्टीत पडली, असंही त्यानं एकदा सांगितलं. आणि कुणीच सापडलं नाही तर मी होतोच.

कॉन्ट्रॅक्टरनं लेझर मशीन आणलं. भिंतीवर लाल रेघ मारतं, ती धरून फ्रेम ठोकायची. मेस्त्री त्या मशीनला जावई म्हणायचा. मधोमध बसतो, सगळे भोवती जमतात, काम काही करत नाही. त्याची स्वतःची पाण्याची नळी होती. दोन्ही टोकांना पाणी एका उंचीला आलं की लेव्हल. एका साइटवर जावयाची रेघ आणि नळीचं पाणी जमेना. तुम्हाला वाटेल, आता म्हातारा बरोबर निघाला आणि मशीन खोटं पडलं. तसं गोष्टीत होतं. नळीत बुडबुडा अडकला होता. मेस्त्रीनं बुडबुडा बघितला, नळी खाली ठेवली, आणि जाहीर केलं की मेट्रोच्या खोदकामानं इमारत त्या अंगाला बसली आहे. त्या काळात शहरात जे जे वाकडं झालं ते सगळं मेट्रोनं आपल्या अंगावर घेतलं. त्यात आमचं छतही गेलं.

थर्मासचं काय झालं तेही सांगतो. एका दागिन्यांच्या दुकानात पार्टिशन केलं. दोन्ही अंगाला बोर्ड, मधे पोकळी. भिंत बंद झाली आणि मेस्त्रीची कॉफी सापडेना. सगळी साइट उलथीपालथी केली. शेवटी मी भिंतीवर बोटानं टकटक करत गेलो, तर एके ठिकाणी आवाज भरीव. म्हटलं, मेस्त्री, आत आहे, थोडे स्क्रू काढतो. तो म्हणाला, "भिंत उघडायची नाहीं. उघडली म्हणजे बंद करतांना मी पाहिलें नाहीं, असें होतें. मी पाहिलें." मग थर्मास आत कसा? तर म्हणाला, तो मागाहून गेला. आज त्या भिंतीवर नेकलेस लटकतायत. माणसं लाखाचा माल घेऊन जातात, आत कॉफी आहे हे कुणाला ठाऊक नाही.

अलीकडं तो घोडीवर चढायचा कमी झाला होता. खाली पडूनच राहायचा जास्त. आणि मला विचारायचा, "तूं सांग, काय दिसतें?" मला वाटायचं, ह्या वयात माझी परीक्षा घेतोय. मी काहीतरी सांगायचो आणि शिवी खायचो.

एवढ्यात आमचीला पाठीच्या कण्याचं दुखणं लागलं. पाय गेले. मोठ्या इस्पितळात ठेवली, तपासण्या झाल्या, आणि मग डॉक्टरनं मला कोपऱ्यात नेऊन सांगितलं की घरी न्या. वर्ष म्हणू नका, महिने म्हणा. माणूस शिकलेला होता, मराठीत रडायला येत नाही अशा इंग्रजीत सांगितलं.

आमचं घर अंबत्तूरला, कारखान्यांच्या मागं, गच्चीवरची एक खोली. वर सिमेंटचा पत्रा. जन्मभर लोकांची छतं केली, स्वतःच्या डोक्यावर पत्रा तो पत्राच. कोण बघायला येतंय म्हणून राहिलं. मुलगा एन्नोरला कामाला, तिकडंच बिऱ्हाड, रविवारी येऊन आईचे पाय दाबायचा. त्या पायांना काही कळत नव्हतं, पण ती म्हणायची बरं वाटतं. एरवी मी कामावर असलो की खालच्या घरमालकाची म्हातारी वर येऊन बसायची. तिला आम्ही पाटी म्हणायचो, तमिळमध्ये आजीला पाटी म्हणतात.

ही उताणी पडलेली. वर पत्रा, उन्हात तापून कडकड वाजणारा. दोन-तीन दिवस बघितला आणि मग मला म्हणाली, "जन्मभर दुसऱ्यांची छतं केलीत. मी काय पत्रा बघत मरू का?"

रडत नव्हती. आमटीत मीठ कमी पडलंय, तसं म्हणाली.

तेव्हापासून मला एकच पाहिजे होतं. ती जायच्या आत तिच्या डोक्यावर पुरं झालेलं छत. दुसरं तिला द्यायला माझ्याकडं होतं काय?

साइटवर मी मेस्त्रीला सांगितलं. म्हणजे टोळीलाच सांगितलं, माझ्या पोटात काही राहत नाही. पुढच्या रविवारी मेस्त्री दारात हजर. इस्त्रीचा शर्ट, पुट्टी ओढायचा हातपत्रा, पुट्टीची बादली, नळी. मागं विलुप्पुरमचा एक गडी साइटवरचे टाकून द्यायचे बोर्डाचे तुकडे डोक्यावर घेऊन. हा गडी मेस्त्रीच्या हाताखालचा सगळ्यात जुना, आणि मेस्त्री कधी थकतो ह्याची वाट बघत त्याचंही डोकं पिकलं होतं.

मला विचारलंच नाही काही. सरळ खाटेपाशी गेला. "अक्का, छत केवढें खालीं पाहिजे?" ती त्याच्या मुलीच्या वयाची, पण अक्का. ती त्याला अण्णा म्हणाली. मग त्यानं खाटेशेजारी पेपर अंथरला, शर्ट काढून माझ्या हातात दिला आणि पडला. दोघं शेजारी शेजारी पत्र्याकडं बघतायत. मधे मी शर्ट धरून उभा. माझ्याच घरात.

मग ही म्हणाली, "कोपऱ्यात कोळिष्टक आहे."

"आहे," तो म्हणाला. "अजून?"

दार उघडलं की थेट खाट दिसायची आणि तिला लाज वाटायची. म्हणून आधी एक आडवी भिंत उभी केली. ती एका दिवसात झाली. छताची फ्रेमही झाली. पण बोर्ड सगळे तुकड्यांचे, म्हणजे जोडच जोड. प्रत्येक जोडावर कागदी टेप, वर पुट्टी, वाळू द्यायची, पुन्हा पुट्टी, मग घासायचं. जोड कुणाला दिसला नाही पाहिजे. एरवी पॉलिश पेपरनं घासतो, खोलीभर पीठ उडतं. हिच्या छातीत जाईल म्हणून मेस्त्रीनं ओल्या स्पंजनं पुसून काढायचं ठरवलं. दसपट वेळ. साहेबांच्या ऑफिसला ह्यानं कधी स्पंज लावला नव्हता.

बोर्ड लागले, पत्रा झाकला गेला. दुपारी खोलीत माणसाला बसवायला लागलं. मी म्हटलं, झालं, आता पांढरा हात मारला की सुटलो. तर ही खाटेवरून म्हणाली, "अण्णा, पंख्याच्या डावीकडं फुगलंय."

मी बघितलं. काही नाही. विलुप्पुरमच्या गड्यानं बघितलं आणि पुन्हा स्पंज पिळायला लागला. मेस्त्री वर मान करून उभा राहिला आणि म्हणाला, "होय, अक्का. माझें चुकलें."

मेट्रोवर ढकललं नाही. एन्नोरवर नाही. माझ्यावरसुद्धा नाही. 

त्यानंतर हेच सुरू झालं. रविवार झाला, कधी मधल्या वाराची संध्याकाळ, की मेस्त्री दारात. ही हात लांब करून दाखवणार, तो चढणार, खरवडणार, भरणार, पुसणार. पुढच्या खेपेला नवा जोड. खिडकीतून उजेड आडवा आला की दिसतं म्हणे. आणि मला दर वेळी बाहेर धाडायचे. दूध आण, स्पंज आण, टेप आण. स्पंज घरात दोन पडलेले असायचे तरी आण. मी तीन जिने उतरून, चढून वर यावं तर दोघं गप्प, आणि तो नुकताच घोडीवरून उतरलेला. ती त्याच्या यायच्या दिवशी पाटीकडून वेणी घालून घ्यायची. दुसऱ्या वयात संशय तरी घेतला असता.

इकडं साइटवर विलुप्पुरमच्या गड्यानं बोलायला सुरुवात केली होती. मेस्त्रीचं संपलं, म्हणाला. एका खोलीचं छत करता येईना, जोड दिसतायत. ते कॉन्ट्रॅक्टरच्या कानावर गेलं. कॉन्ट्रॅक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, खरं काय ते सांग, मोठं काम घेतोय, टोळी कुणाच्या हातात देऊ? मी म्हटलं, बघून सांगतो. मीही चिडलेलोच होतो. दिवस जात होते, हिचं जेवण चार घासांवर आलं होतं, आणि छत काही पुरं होत नव्हतं.

एका रविवारी मी मेस्त्रीला तोंडावर बोललो. ती जाईल, म्हटलं, आणि तुमचा जोड तसाच राहील. तुम्हाला जमत नसेल तर सांगा, मी करतो.

तो हातपत्र्यावरची पुट्टी बादलीच्या काठाला पुसत म्हणाला, "ओलें आहे. वाळूं दे." आणि गेला.

ही माझ्यावर डाफरली. आवाज राहिला नव्हता, पण डाफरायला आवाज लागत नाही. म्हणाली, "त्यांना बोलू नका. ते मुद्दाम ठेवतात."

"काय मुद्दाम ठेवतात?"

"एक जोड. दर वेळी एक बिघडवून जातात, माझ्यासाठी. काम संपलं तर मी दिवसभर बघू काय?" मग म्हणाली, "कुणाला सांगू नका हां."

मी जिन्यात जाऊन बसलो. पाटीनं विचारलं, डोळ्यात धूळ गेली का. वर स्पंजचं काम, धूळ कुठली? तरी मी हो म्हटलं.

कुणाला सांगू नका म्हणाली, म्हणजे दुसऱ्या दिवशी कॉफीच्या आत सगळ्या टोळीला कळलं. जन्मात जोड न बिघडवलेला माणूस एका मरणाऱ्या बाईसाठी बिघडवतोय, हे मी तमिळमध्ये सांगितलं, हिंदीत सांगितलं. ओडिशाचं एक पोरगं रडलं. विलुप्पुरमचा गडी माझ्याकडं बघत राहिला, पण ह्याच्यावर बोलणार काय? कॉन्ट्रॅक्टरनं मोठं काम मेस्त्रीच्याच हातात दिलं. वर म्हणाला, असा माणूस मिळायचा नाही.

मी पुढं मेस्त्रीला काही बोललो नाही. दूध आण म्हटलं की आणायचो. छत पुरं होऊ नये, असं मलाही वाटायला लागलं होतं.

ती गेली दुपारी. पाटी पेज भरवत होती, मी पंख्याचा वेग कमी करायला उठलो होतो. परत वळलो तर पाटीचा चमचा तसाच हातात. पंख्याच्या डावीकडचा जोड तिनं आदल्या दिवशीच दाखवून ठेवला होता.

मग ते सगळं झालं. वर बघणारे लोक आले आणि गेले. तेराव्यानंतर मेस्त्री आला. शर्ट इस्त्रीचा, हातात बादली. मी दारातच अडवला.

"राहू द्या मेस्त्री," म्हटलं. "तो जोड असू दे. तुम्ही तिच्यासाठी ठेवलात, मला ठाऊक आहे."

"मी काय ठेवलें?"

मी सांगितलं. ती काय म्हणाली ते, शब्द न् शब्द. तो ऐकत खाटेच्या कडेवर टेकला. बादली मांडीवर धरून बसला, लहान पोर दप्तर धरून बसतं तसा.

"अक्का असें म्हणाली?"

"असंच म्हणाली."

"आम्ही बिघडवत नाहीं रे," तो म्हणाला. "मुद्दाम बिघडवायला येत नाहीं मजला. डोळे गेले आहेत. मधला भाग दिसतच नाहीं, कडेचें तेवढें दिसतें. हातानें चाचपून पुट्टी लावतों. अक्कानें पहिल्या दिवशींच ओळखलें. तूं खालीं गेलास कीं ती सांगे, अण्णा, डावीकडे, अजून, थांबा. तसें करीत होतों. तिजला म्हटलें होतें, कोणास कळलें तर टोळी जाईल. ती म्हणाली, मी बघतें."

 खालच्या कारखान्याचा भोंगा झाला, लोक सुटले, सायकली गेल्या. मग मी विचारलं, तिनं मला का नाही सांगितलं खरं?

"तुजला?" मेस्त्री म्हणाला. "तुजला सांगितलें म्हणजे साइटला सांगितलें. ती म्हणाली, ह्यांना खोटें सांगतें, तें खऱ्यापेक्षां लवकर पोंचेल."

म्हणजे बघा. कंबरेखाली जीव नाही, घास गिळता येत नाही, आणि ही खाटेवर पडून एक मेस्त्री सांभाळत होती, एक टोळी चालवत होती, आणि मला निरोप्या म्हणून वापरत होती. एवढी वर्षं मी समजत होतो, घरात मी कर्ता.

मला राग आला. खोटं कशाला लिहू, चांगलाच आला. पण तो काढायचा कुणावर? एक गेलेली, एक आंधळा. मी मेस्त्रीच्या हातातून बादली घेतली, तिच्यातला हातपत्रा घेतला आणि घोडीवर चढलो. पुट्टी कालवलेली होती, घट्टही होत आली होती. बोटांनी जोड शोधला. पहिला हात मारला.

खालून आवाज आला, "वाकडें."

"दिसतंय का तुम्हाला?"

"नाहीं. पण हात तुझा आहे नव्हे?"

मी दुसरा हात मारला. तो म्हणाला, जाड. मी पातळ केला. तो म्हणाला, आतां खड्डा पडला, आणि मग माझ्या बापापासून सुरू करून, एकेक पिढी मागं जात, पोथीतल्या मराठीत त्यानं जे काही चालू केलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी पुट्टी भरत राहिलो, हवी त्याहून सावकाश. ती गेल्यापासून त्या खोलीत माझ्यावर ओरडायला कुणी नव्हतं.